कुंकवाच्या गांवांतलीं छायाचित्रें

जुन्या घराच्या माजघरांत पूर्वजांच्या तसबिरींची एक रांग असते. घरांतलीं माणसें तिच्याकडे सहसा पाहत नाहींत. श्राद्धपक्षाच्या दिवशीं हार घालतांना कोणी कांच पुसतो, आणि मग वर्षभर ती रांग पुन्हां भिंतीचा भाग होऊन जाते. लहान मुलांची दृष्टि मात्र वेगळी असते. आमच्या घरांतील एका सात वर्षांच्या मुलीनें मध्यंतरीं पणजीबाईंच्या तसबिरीकडे बोट दाखवून विचारलें, "या आजी काळी टिकली कां लावायच्या?"

पणजीबाईंनीं लाल कुंकवाखेरीज दुसरें कांहीं कपाळाला लावलें नव्हतें. काळें दिसतें तें कुंकूंच होय. एकोणिसाव्या शतकांत ज्या कांचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रें घेत, त्यांना मुख्यतः निळा व जांभळा प्रकाशच दिसत असे. लाल रंग म्हणजे त्यांच्या लेखीं अंधार. १८७३ सालीं हरमान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, पट्टींत विशिष्ट रंगद्रव्यें मिसळलीं असतां तिला हिरवाहि दिसूं लागतो. सर्व रंग ओळखणाऱ्या पट्ट्या बाजारांत यावयास १९०६ साल उजाडलें, आणि त्यानंतरहि जुन्या प्रकारच्या पट्ट्या पुष्कळ वर्षें वापरांत होत्या. अशा पट्टीवर कपाळावरचें कुंकूं काळें उमटे, निळें आकाश कोरें पांढरें उमटे, आणि आपला गव्हाळ वर्णहि असेल त्याहून बराच सांवळा होई. पणजीबाई सांवळ्या होत्या, अशी आमच्या घरांत तीन पिढ्यांची समजूत आहे. तिला या एका तसबिरीवांचून दुसरा आधार नाहीं. ज्यांनीं त्यांना पाहिलें तीं माणसें गेलीं. तसबीर राहिली, आणि तसबीर सांगेल तेंच खरें ठरलें. छायाचित्र कसें काढावें, हा प्रश्न त्यामुळें केवळ हौशी मंडळींचा राहत नाहीं. घराच्या स्मृतींत कोण कसें राहील, हें त्यावर अवलंबून असतें.

या प्रश्नाचा विचार आम्हांस विशेष करावा लागला, तो केमला. केम हें सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतील आमचें मूळ गांव. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कुर्डुवाडीच्या थोडें अलीकडे हें स्टेशन लागतें. उत्तरेश्वराचें देऊळ आणि कुंकवाचे कारखाने, या दोन गोष्टींसाठीं गांवाचें नांव आहे. हळदीला क्षार लागला कीं ती लाल होते, या गुणावर जुनें कुंकूं बनत असे. हल्लीं इतर रंगहि वापरतात. कारखान्याच्या आंत पाऊल टाकलें कीं भिंती, पोतीं, तराजू, काम करणारांचे हात, सर्व एकाच रंगाचें दिसतें. बाहेर मात्र डोळ्यांना सुखविणारें असें फारसें कांहीं नाहीं. डोंगर नाहीं, धबधबा नाहीं. पाऊस वर्षाला पांचसहाशें मिलिमीटर, तोहि लहरी. उघडा माळ, मधून मधून बाभळी, ज्वारीचीं शेतें, आणि पाण्याची सोय आहे तेथें ऊंस व केळी.

छायाचित्रकार या बाजूला येतात ते भिगवणपर्यंत. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. त्याच्या फुगवट्यावर हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात. पहांटे नावेंत बसावें, सूर्योदयाच्या वेळीं थवा उडाला कीं चित्र घ्यावें, आणि दुपारच्या आंत पुण्यास परतावें, असा सर्वांचा क्रम. चित्रें सुंदर असतात यांत संशय नाहीं. पण अशीं पन्नास चित्रें एकत्र मांडलीं, तर तीं पन्नास माणसांनीं घेतलीं कीं एकानेंच, हें सांगतां यावयाचें नाहीं.

आमचा पुतण्या पुण्यास नोकरी करतो. त्याला छायाचित्रणाचा नाद आहे. कॅमेरा उत्तम आहे, हातहि बसलेला आहे. दोन वर्षांपूर्वीं भिगवणचीं चित्रें दाखवितांना तो म्हणाला, "काका, फोटो चांगले आले आहेत, पण ते माझे वाटत नाहींत. खालचें नांव खोडून दुसऱ्या कोणाचें घातलें, तरी कोणाला शंका येणार नाहीं." तरुण माणसानें स्वतःच्या कामाविषयीं असें बोलावें, हें आम्हांस आशादायक वाटलें.

शैली ही गोष्ट हल्लीं फार स्वस्त झाली आहे. मोबाईलमध्यें तयार रंगछटा असतात. बोट लावतांच चित्र जुनाट, धुरकट किंवा सोनेरी होतें, आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या न विचारतां पुसल्या जातात. ज्याला एवढ्यानें समाधान नसतें, तो मोठ्या छायाचित्रकारांचीं चित्रें पाहून त्यांची मांडणी उचलतो. शिकणारानें अनुकरण करावें, त्यांत वावगें कांहीं नाहीं. गवईहि आधीं गुरूचाच गळा काढतो. परंतु तो उसना गळा सुटतो केव्हां? आमच्या मतें, पुढ्यांतला विषय त्या गळ्यांत मावेनासा होतो तेव्हां. आणि विषय मावत नाहीं हें कळावयास त्याच्यापाशीं पुष्कळ दिवस बसावें लागतें.

दादासाहेब फाळके यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतों. पण आधीं ते फोटोग्राफर होते. गोध्र्यास त्यांचा स्टुडिओ होता. १९०० सालीं प्लेगांत पत्नी व मूल गेल्यावर त्यांनीं तें गांव सोडलें. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं, १९१२ सालीं, भांडवल देणारांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि त्याच्यापुढें कॅमेरा ठेवून अंकुराची वाढ दिवसामागून दिवस टिपली. वाटाण्याच्या रोपाहून साधा विषय तो कोणता? परंतु एके जागीं टिकून राहण्याच्या त्यांच्या तयारीमुळें, नुसत्या डोळ्यांना कधींच न दिसणारी गोष्ट त्या रोपानें दाखविली.

दुसरें उदाहरण प्राग शहरांतील जोसेफ सुडेक याचें. पहिल्या महायुद्धांत याचा उजवा हात गेला. १९४० पासून १९५४ पर्यंत हा गृहस्थ आपल्या लहानशा स्टुडिओच्या खिडकीचीं आणि तिच्यांतून दिसणाऱ्या अंगणाचीं चित्रें घेत राहिला. कधीं कांचेवर दंव, कधीं पावसाचे ओघळ, पलीकडे एक वांकडें झाड. त्यांपैकीं पहिलीं पांच वर्षें शहर जर्मनांच्या ताब्यांत होतें. त्या चित्रांखालीं नांव नसलें तरी जाणकाराला तीं कोणाचीं हें कळतें.

आम्हीं पुतण्याला एवढेंच सुचविलें कीं, वर्षभर भिगवणला उतरूं नये. सुट्टी मिळेल तेव्हां थेट केमला यावें आणि घराच्या गच्चीवरून जो माळ दिसतो तोच घ्यावा. पहिल्या खेपेस त्यानें घेतलेल्या चित्रांत भिगवणच होतें, फक्त पक्षी नव्हते: बाभळीआड मावळता सूर्य, सोनेरी धूळ. दुसऱ्या खेपेस तो कंटाळला. वैशाखांत आला तेव्हां मात्र भर दुपारीं, ज्या वेळीं छायाचित्रकार कॅमेरा पिशवींत ठेवून देतात, त्या वेळीं तो गच्चीवर उभा असलेला आम्हीं पाहिला. तो म्हणाला, सकाळ-संध्याकाळ सगळ्याच गांवांची सुंदर असते. केम केमसारखें दिसतें तें बारा वाजतां. आणि खरोखरच, त्या चित्रांत झाडाची सावली झाडाच्याच पायाशीं गोळा होऊन बसली होती, माळ पांढराफटक होता, आणि एक कुत्रें त्या एवढ्याशा सावलींत अंग चोरून निजलें होतें. तो उन्हाळा आम्हीं लहानपणापासून अंगानें जाणत होतों. चित्रांत तो प्रथमच पाहिला.

कुंकवाच्या कारखान्यांत त्याची गांठ याहून कठीण अडचणीशीं पडली. जुन्या पट्टीला लाल दिसत नसे. नव्या कॅमेऱ्याला तो झेपत नाहीं. भडक लाल रंगाची नोंद इतरांच्या आधीं भरून सांडते, आणि कुंकवाच्या ढिगाचा एक सपाट डाग होतो; त्यांतला कण न् कण नाहींसा होतो. शिवाय लाल भिंतींवरून येणारा उजेड माणसांच्या चेहऱ्यावर पडलेला असतो, तो दोष समजून कॅमेरा आपण होऊन पुसून टाकतो. पुतण्यानें रंगाची ती आपोआप होणारी दुरुस्ती बंद केली आणि उजेड कमी घेतला. कुंकवाचे कण टिकले, पण कोपरे अंधारांत गेले, आणि त्या अंधारांतून एखादा हात, एखादा गाल तेवढा वर आला. हें त्यानें योजलेलें नव्हतें. त्या खोलीनें त्याच्याकडून तें करवून घेतलें. त्यानंतर त्याचीं चित्रें ओळखूं येऊं लागलीं.

तथापि माणसाचें चित्र घेतांना खोली काय मागते, एवढें पाहून भागत नाहीं. माणूसहि कांहीं मागतो. इंग्रजी अमदानींत १८६८ ते १८७५ या काळांत 'द पीपल ऑफ इंडिया' नांवाचे छायाचित्रांचे आठ खंड निघाले. त्यांत या देशांतील माणसें जातीजमातींचे नमुने म्हणून मांडलेलीं आहेत. समोर बसलेल्याला आपण कसें दिसावें असें वाटत होतें, हा प्रश्नच तेथें नव्हता. कारखान्यांतील एका बाईंचा फोटो घेण्याची परवानगी पुतण्यानें मागितली. बाई म्हणाल्या, "थांबा, हात धुऊन येतें." त्याला तर ते लाल हातच हवे होते, त्याच्या नव्या शैलीचें सगळें रहस्य त्या हातांत होतें. क्षणभर तो घुटमळला, पण बोलला नाहीं. बाई हात-तोंड धुऊन, पदर नीट घेऊन बसल्या, आणि त्यानें त्यांना हवा होता तसाच फोटो घेतला. मांडीवर ठेवलेल्या त्या धुतलेल्या हातांच्या नखांच्या कडेला लाल रेघ राहिली होती, ती चित्रांत आली आहे. त्या चित्राची एक प्रत बाईंच्या घरीं आहे.

यानंतर आत्याबाईंचा प्रसंग आला. आत्याबाईंचें वय ब्याऐंशी. काचबिंदूनें त्यांची नजर हळूहळू जात आहे. औषधानें ती टिकवितां येईल तेवढीच, गेलेली परत येणार नाहीं, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें आहे. एके दिवशीं त्याच पुतण्याला म्हणाल्या, "माझा फोटो काढ. मेल्यावर तुम्ही कुठल्यातरी लग्नाच्या फोटोंतून माझं डोकं कापून मोठं कराल. मला दिसतंय तोंवर काढ, म्हणजे कसा आलाय तें मी पाहीन." आणि थोड्या वेळानें, "पण तुझ्या लालाचं काय करशील? माझ्या कपाळावर तीस वर्षांत कांहीं नाहीं."

कुंकवाच्या गांवांत हें वाक्य ऐकून पुतण्या दोन दिवस गप्प होता. घरांत मतें अनेक पडलीं. वहिनींना वाटे, जरीचें लुगडें नेसवून, जरा हंसतमुख असा फोटो असावा. धाकट्या मंडळींना वाटे, मागें कारखान्याची लाल भिंत घ्यावी, म्हणजे चित्राला कांहीं अर्थ येईल. पुतण्यानें दोन्ही ऐकलीं आणि दोन्ही सोडलीं. बारा वाजतां त्यानें आत्यांना ओसरीच्या उंबऱ्यापाशीं, त्या रोज बसतात तेथेंच बसविलें. नजर अधू झाल्यापासून त्या चेहरा किंचित् डावीकडे वळवून पाहतात, तसेंच पाहूं दिलें. अंगणांतल्या फरशीवरून परतणारें ऊन खालून त्यांच्या चेहऱ्यावर आलें आहे. त्या चित्रांत लाल कोठेंहि नाहीं. पण जो त्याचीं कारखान्यांतलीं चित्रें पाहून आला असेल, त्याला हें त्याच हाताचें आहे हें सांगावें लागत नाहीं.

आत्याबाईंनीं तें चित्र डोळ्यांजवळ धरून पुष्कळ वेळ पाहिलें. म्हणाल्या, "हनुवटी आईची आली आहे. लाव." जिवंत माणसाची तसबीर भिंतीवर लावूं नये, असें आमच्याकडे जुनें माणूस मानतें, म्हणून आम्हीं त्यांना विचारलें. त्यांचें उत्तर असें कीं, त्या रांगेंत लावूं नका, तिकडे मी जाणारच आहे, ओसरीवर लावा. सध्यां तें ओसरीवर आहे, आणि येणाराजाणाराला त्या स्वतः तें दाखवितात.

स्वतःची शैली कशी सापडते, याचें सूत्र आम्हांजवळ नाहीं. एवढें मात्र पाहिलें कीं, आमच्या पुतण्यानें ती शोधण्याचें सोडलें आणि माळ, खोली व माणूस यांचें ऐकूं लागला, तेव्हां ती त्याच्या हातीं आली. आणि जेथें शैली व माणूस यांत निवड करावी लागली, तेथें त्यानें माणूस निवडला म्हणून ती राहिली. आमच्या वाचकांच्या घरींहि या दिवाळीस सगळीं माणसें एकत्र जमतील आणि शेंकडों फोटो निघतील. त्या गर्दींतून एक दुपार वडील मंडळींसाठीं राखून ठेवावी. आपला कोणता फोटो मागें राहावा, हें त्यांनाच विचारावें, त्या रोज जेथें बसतात तेथें तो घ्यावा, कागदावर छापून त्यांच्या हातांत द्यावा, आणि पाठीमागें नांव, गांव व तारीख लिहून ठेवावी.