गोंदणाचे तीन ठिपके
फळ्यावरच्या एका ओळीच्या मला तीन ओळी दिसत. चष्म्याचे नंबर बदलून थकल्यावर रोगाचे नाव कळले – केरॅटोकोनस. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. कडक भिंग बसवले, अक्षरे सुटी झाली; पण एस.टी.तली धूळ आत शिरली की जीव नकोसा होई. मग दादांनी सोसायटीचे कर्ज काढले आणि स्क्लेरल भिंग आले. ते बुबुळाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते. आत सलाईन भरून, मान खाली घालून लावायचे. बुडबुडा राहता कामा नये. माझा पाचदा राहिला! आई मांडीवर आरसा धरून बसलेली. सहाव्यांदा मान वर केली, तर तिच्या कपाळावरच्या गोंदणात तीन ठिपके! मी विसरलोच होतो.

‘रडतोस काय रे?’

‘नाही गं, सलाईन आहे ते.’