आठ काढला की झालं?

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. 1917 मध्ये फय्याजुद्दीन यांनी तिची आखणी केली, तेव्हा त्या वाटांवर बैलगाड्या होत्या. आज ऑटो, हातगाडे, स्कूटी आणि पिशव्या सांभाळत रस्ता ओलांडणारी माणसं तिथं एकाच वेळी वळत असतात. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी पहिल्यांदा गोलाईत शिरते, तेव्हा स्टिअरिंग पोराच्या हातात असतं. पण शेजारच्या मास्तरांचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवरून हलत नाही.

"काय दिसलालंय?" मास्तर विचारतात.

"ऑटो."

"अन् ऑटोच्या म्होरं?"

पोरगा गप्प. ऑटो थांबलाय त्याअर्थी कुणीतरी उतरतंय, आणि उतरणारा ऑटोला वळसा घालून नेमका आपल्याच पुढ्यात येणार, हे त्याच्या डोक्यात येत नाही. अर्धा क्लच आठवड्यात जमतो, हे ओळखायला मात्र महिने जातात. शिकाऊंच्या शेजारच्या सीटवर उमेदीची वर्षं घालवलेल्या प्रस्तुत लेखकाच्या मते शिकवण्याजोगी खरी गोष्ट हीच, आणि परीक्षेत हीच विचारली जात नाही.

सराव कशाशी खातात हे लातूर-नांदेडला कुणी सांगायला नको. नीटच्या 180 प्रश्नांसाठी इथं दोन-दोन वर्षं सराव परीक्षा चालतात, चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही असते. तोच विद्यार्थी लर्निंग लायसनसाठी घरबसल्या आधार क्रमांक टाकतो, 15 प्रश्न सोडवतो आणि 9 बरोबर आले की पास होतो. (शेजारी बसून उत्तरं सांगणारा एखादा मामा घरोघरी सापडतोच.) तीस दिवसांनंतर आरटीओच्या ट्रॅकवर पाय न टेकवता आठ काढला की पक्कं लायसन. त्या आठात ना अंधार, ना पाऊस, ना समोरून राँग साइडनं येणारा कुणी.

लर्निंगच्याही आधीची गोष्ट म्हणजे शिकवणीबाहेरची स्कूटी. नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात क्लास सुटला की अकरावी-बारावीची पोरं ट्रिपल सीट निघतात. सोळाव्या वर्षी कायद्यानं चालते ती फक्त 50 सीसीच्या आतली बिनगिअरची गाडी, आणि तसली गाडी आता शोरूममध्ये शोधूनही मिळायची मारामार. म्हणजे वडिलांनी दहावीच्या निकालावर खूश होऊन घेऊन दिलेली 110 सीसीची स्कूटी बेकायदाच. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं अशा प्रकरणात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड ठेवला आहे. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीनं दोघांचा जीव घेतला आणि जामिनाच्या अटीत 300 शब्दांचा निबंध आला, तेव्हा हे कलम अनेकांना पहिल्यांदा कळलं.

कागदावर प्रशिक्षणाची उणीव नाही. 1989 च्या नियमांनुसार खासगी मोटारीसाठी किमान 21 दिवसांचा अभ्यासक्रम, त्यात प्रत्यक्ष चालवणं दहा तास. 2021 मध्ये अधिकृत प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले, तिथं हलक्या वाहनासाठी 29 तास आहेत, पैकी 21 तास हातात गाडी. पण हे सगळं चारचाकीभोवती फिरतं. देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांत दुचाकीवरची 44.5 टक्के. दुचाकी शिकवतं कोण? थोरला भाऊ, शाळेच्या मैदानावर, एका संध्याकाळी. ब्रेक कुठला आधी, पुढचा की मागचा, हे त्या भावालाही नीट ठाऊक नसतं.

आणि नुसतं कौशल्य शिकवून भागत नाही. नॉर्वेनं 1979 मध्ये घसरत्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. निसरड्या रस्त्यांवरचे तरुण पुरुषांचे अपघात त्यानंतर उलट वाढले. सावरता येतं म्हटल्यावर पोरं वेग कमी करीनात. याउलट स्वीडननं 1993 मध्ये शिकण्याचं वय सोळावर आणलं आणि लायसनचं वय अठराच ठेवलं. ज्यांनी ती मुभा वापरली त्यांचे मोठ्या माणसाला शेजारी बसवून चालवण्याचे तास जवळपास तिप्पट झाले, आणि लायसननंतरचे त्यांचे अपघात सुमारे 40 टक्क्यांनी घटले. आपल्याकडे लर्निंग सहा महिने चालतं. ते सहा महिने पूर्ण वापरणारा विद्यार्थी मात्र विरळाच. बहुतेकांना एकतिसाव्या दिवशीची तारीख हवी असते.

दिवाळीच्या सुमारास तर घाई आणखी महागात पडते. कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणाऱ्या 361 क्रमांकाच्या महामार्गावर उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात. मागं दोन ट्रॉल्या, बाहेर आलेलं वाढं, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं माखलेला. टायर फुटला की ट्रॉली तिथंच उभी, मागं फार तर चार दगड. चौपदरीनं रस्ता रुंद केला खरा, पण दुभाजकातली फट लांब पडते म्हणून फाट्यावरचे मोटारसायकलवाले त्याच अंधारात उलटे येतात.

म्हणून शेवटचे काही धडे दिवस मावळल्यावर घ्यायचे, असा मास्तरांचा शिरस्ता. समोरून ट्रक आला, त्यानं डिपर दिला नाही, डोळे दिपले. गोलाईत गप्प बसलेला तोच पोरगा या वेळी न विचारता बोलतो, "म्होरं काळं काहीतरी हाय, सर. ट्रॉली. एक नाही, दोन." ॲक्सिलरेटरवरचा त्याचा पाय आधीच निघालेला असतो. मास्तर आपला पाय ब्रेकवर नेतात आणि दाबत नाहीत.