रविवारी रात्री मेस बंद असते

हॉस्टेलवर माझं खरं नाव फक्त मस्टरमध्ये आहे. बाकी सगळे मला ‘अजगर’ म्हणतात. कारण सेकंड इयरपासून मी कुठेही झोपायचो. लेक्चरला, लायब्ररीत, एकदा तर प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या! सात किलो वजन वाढलं, त्याचा दोष मेसच्या बटाट्याला दिला. सप्टेंबरमध्ये पंखा लावला की मी रजई ओढायचो, तेव्हा सगळे हसायचे आणि मीही हसायचो. आळस ही हॉस्टेलची साथच आहे, त्यासाठी डॉक्टरकडे कोण जातं?

माझा रूम पार्टनर मेकॅनिकलचा. अकराव्या वर्षापासून त्याला टाइप १ डायबेटिस आहे. फर्स्ट इयरला त्याच्या कपाटात सिरिंज दिसली म्हणून विंगमध्ये नको ती कुजबुज झाली होती. तेव्हापासून तो इंजेक्शन घेताना दार लावून घेतो, आणि ‘मला डायबेटिस आहे’ हे वाक्य शक्यतो कोणाला बोलत नाही. मला माहीत होतं. म्हणजे माहीत होतं असं मला वाटत होतं.

डिसेंबरमधला रविवार. रविवारी रात्री मेस बंद असते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पार्टनरची सोमवारी शीट सबमिट करायची होती. मी म्हटलं, “तू बस, मी भुर्जी-पाव पार्सल आणतो. अर्ध्या तासात.” त्याचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. त्याने हिशोब केला आणि सुई टोचून घेतली.

मी बाइकची चावी मागायला खालच्या मजल्यावर मित्राच्या रूमवर गेलो. तो म्हणाला, “बस पाच मिनिटं, आंघोळ करून येतो.” मी त्याच्या कॉटवर टेकलो... आणि झोपलो.

दीड तासाने जाग आली. पार्सल नाही, काही नाही. धावत वर आलो तर पार्टनर ड्रॉइंग बोर्डसमोर बसलेला. डिसेंबरच्या थंडीत टी-शर्ट घामाने चिंब, हात थरथरतोय, आणि शीटवर पेन्सिलने एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा रेघ ओढतोय. मी सॉरी म्हणायला गेलो तर तो मला वेगळ्याच नावाने हाक मारून काहीतरी असंबद्ध बोलायला लागला. खरं सांगतो, मला वाटलं तो माझी फिरकी घेतोय. दारात जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, “टाकून आलाय काय?” नशीब, फायनल इयरचा एक दादा मागून आला. त्याच्या वडिलांना शुगर आहे. तो एवढंच ओरडला, “साखर आणा!” क्रिकेट टीमच्या किटमधून ग्लुकोज पावडर आली. तो शुद्धीवर होता, गिळू शकत होता, म्हणून पाण्यात कालवून पाजता आली. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं, तडक हॉस्पिटल, हे मला नंतर कळलं.) त्याच्याच मशीनवर शुगर बघितली : ४६. सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “भुर्जी कुठंय?”

त्या रात्री एकदाचा अजगराला झोप आली नाही.

पुढचे आठ दिवस मी लायब्ररीत बायोलॉजी वाचली. हसू नका. कंट्रोल सिस्टिम्समध्ये मला केटी लागलेली, आणि इथे प्रत्येक पानावर फीडबॅक लूप! शाळेत ‘अंतःस्रावी ग्रंथी’ आणि ‘संप्रेरके’ पाठ केली होती ती पाच मार्कांसाठी. ग्रंथी आपला स्राव नळीतून न सोडता थेट रक्तात सोडते, आणि तो रक्तातून फिरत जिथे ‘रिसीव्हर’ असेल तिथेच काम करतो. पोस्टमन नाही, ब्रॉडकास्ट. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली वापरला, ‘चेतवणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून.

पण मला खरी गोष्ट कळली ती हॉर्मोन्सच्या जातींवरून. एक जात प्रथिनांची. इन्सुलिन त्यातलं, ५१ अमिनो आम्लांची साखळी. पोटात गेलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल, म्हणून गोळी नाही, सुईच. हे पेशीच्या आत शिरत नाही, बाहेरून बेल वाजवतं, आणि काम मिनिटांत सुरू. दुसरी जात स्टेरॉइड्सची, कोलेस्टेरॉलपासून बनलेली : कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन वगैरे. पेशीचं आवरण स्निग्ध, हीही स्निग्ध, त्यामुळे सरळ आत घुसून जीन्सवरच काम करतात, पण सावकाश. जिममधल्या भावांनी हा भाग दोनदा वाचावा. तिसरी जात टायरोसिन या एकाच अमिनो आम्लापासून बनते, आणि तिच्यात दोन भाऊ अगदी उलट्या स्वभावाचे. ॲड्रेनलिन काही मिनिटांचा पाहुणा. व्हायवाच्या आधी छाती धडधडते ते याचं काम, आणि त्या रात्री पार्टनरला फुटलेला घाम आणि हाताची थरथरही यानेच. शुगर पडल्यावर शरीराने वाजवलेली ती धोक्याची घंटा होती आणि आम्ही तिला दारू समजलो! दुसरा भाऊ थायरॉक्सिन, अवटू ग्रंथीचा, सोबत आयोडीनचे चार अणू घेऊन फिरणारा. तो रक्तात निम्मा व्हायलाच साधारण आठवडा लागतो.

आता लूप बघा. निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी शुगर मोजतात आणि त्याप्रमाणे इन्सुलिन सोडतात. सेन्सर, कंट्रोलर सगळं एकाच पेशीत. पार्टनरच्या त्या पेशी त्याच्याच प्रतिकारशक्तीने मारल्या. म्हणजे त्याचा लूप तुटलेला. टोचलेलं इन्सुलिन विचारत नाही की बाबा रे, भुर्जी आली का? ते शुगर खाली आणत राहतं. तुटलेल्या लूपमधला कंट्रोलर म्हणजे तो स्वतः, चपात्या मोजणारा. आणि त्या रविवारी त्याने आपल्या सिस्टिमचा एक भाग माझ्यावर सोपवला होता.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोला चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी टाइप १ झालेल्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवायचे, एवढाच उपाय होता. माझा पार्टनर त्या काळात जन्मला असता तर त्याच्या शीटचा प्रश्नच आला नसता. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खाली टपरीवर जाऊन बसलो.

डॉक्टरकडे मला ओढून नेलं ते पार्टनरनेच. म्हणाला, “तू माणसासारखा झोपत नाहीस.” डॉक्टर मॅडमनी गळ्याला हात लावून बघितला आणि रक्त तपासायला सांगितलं. टीएसएच ३८, असायला हवं साधारण चारच्या आत. घरी फोन केला तर बाबा घाबरले, “एवढं थायरॉइड वाढलं?” मला पहिल्यांदा केटीच्या विषयाचा उपयोग झाला. म्हटलं, बाबा, टीएसएच म्हणजे थायरॉइड नव्हे. मेंदूखालची वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी अवटूला ओरडून सांगते, ‘काम कर’. अवटू ऐकत नाही, म्हणून ती ओरडते आहे. ३८ हा तिच्या ओरडण्याचा आवाज. माझ्याही अवटूवर माझ्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केलाय. हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरने १९१२ साली याचं वर्णन केलं होतं. म्हणजे आम्ही दोघं एकाच रोगाचे चुलतभाऊ निघालो.

पण नशीब सारखं नाही. मला रोज सकाळी अनशापोटी एक छोटी गोळी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. एक दिवस विसरलो तरी कळतही नाही, कारण थायरॉक्सिन दमाने घेणारं. त्याला अर्धा तास उशीर चालत नाही.

घरी आई म्हणते, बघ, तुझा आळस नव्हता, आजार होता. मला मान्य करायला आवडेल. पण बाइकची चावी मित्राच्या टेबलावर समोर पडलेली होती, आंघोळ होईपर्यंत थांबायची गरज नव्हती. ते टीएसएचने केलं की मी, ते रिपोर्टमध्ये येत नाही. पार्टनरला एकदा विचारलं, “तू मला फोन का नाही केलास?” म्हणाला, “केला होता. तुझ्या उशीखाली वाजला.”

आता नियम आहे : पार्सल टेबलावर आल्याशिवाय सुई नाही. विंगमधल्या सगळ्यांना त्याने स्वतःच सांगून टाकलंय, दारही उघडंच असतं. खणात बिस्किटांचा पुडा असतो. (त्या रविवारी तो दुपारीच संपला होता. कोणी संपवला ते विचारू नका.) नव्या पुड्यावर त्याने मार्करने लिहिलंय, ‘हे औषध आहे. अजगराने खाऊ नये.’