गोळेश्वर, कुंडल, कवठेपिरान

साताऱ्याचं रेल्वे स्टेशन साताऱ्यात नाही, माहुलीला आहे. कोल्हापूरकडं जाणारी पॅसेंजर गाठायची तर भल्या सकाळी रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापासून दिवस सुरू होतो. डब्यात दुधाचे कॅन, शाळेची पोरं आणि मिरजेच्या दवाखान्याला निघालेली माणसं. मी निघालो होतो ते पुतण्याच्या एका प्रश्नापायी. तो अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकतो. तिथल्या कॉलेजच्या फुटबॉल संघानं २०२३ च्या हंगामात पंधराच्या पंधरा सामने जिंकून देशाचं विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून हा गडी दुसरं काही बोलतच नाही. लाखावर माणसं बसतात म्हणे त्यांच्या मैदानात. मला म्हणाला, “काका, आपल्याकडं कॉलेजच्या पोरासाठी गाव कधी असं वेडं झालंय का?”

झालंय की. १९५२ साली. ते गाव बघायलाच निघालो होतो.

कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर. दोन्ही अंगांना ऊस. कराडचं स्टेशनही गावाबाहेर, ओगलेवाडीला. या लाइनीवर स्टेशनांनी गावांशी फटकूनच राहायचं ठरवलेलं दिसतं. कराडात टिळक हायस्कूलवरून गेलो. माझ्या १९५२ च्या गोष्टीतले पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव याच शाळेचे. त्यांचं गाव गोळेश्वर कराडला लागूनच आहे, इतकं की शहर कुठं संपलं ते कळत नाही. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. वडील पैलवान, त्यामुळे जोर-बैठका घरातूनच आल्या. हायस्कूल झाल्यावर कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. अंगानं लहानखुरा म्हणून तिथल्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत घ्यायला नकार दिला होता, असं सांगतात. पोरगं सरळ प्राचार्य खर्डेकरांकडं गेलं, परवानगी मिळवली आणि थोराड गड्यांना पाठीवर पाडून आलं.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. जन्मभर तांबड्या मातीत लढलेला गडी तिथं मॅटवर उतरला आणि तरी सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीच्या वेळी भारताच्या संघात आधी नावच नव्हतं. पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली, ती जिंकली. मग पैशाचा घोर. गावानं वर्गणी काढली आणि खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. प्राचार्यानं विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकावं, याला तोड मला मिशिगनमध्येही सापडेल असं वाटत नाही.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं. जपानच्या इशीनं त्यांना रोखलं; सुवर्णपदक पुढं त्यालाच मिळालं. सोव्हिएत मल्लाशी पुरेशी विश्रांती न देता लढायला लावलं, ही गोळेश्वरची तक्रार आजही ताजी आहे. चावडीपाशी भेटलेल्या एका म्हाताऱ्या पैलवानानं ती मला काल घडल्यासारखी सांगितली. मग खाशाबांचा ढाक हा डाव समजावून देताना त्यानं माझीच मान बगलेत धरली. “असं धरायचं, अन् असं कमरेवरनं उचलायचं. भ्या नगं, टाकत न्हाई तुमास्नी.” टाकलं नाही, पण मान दुपारपर्यंत अवघडली.

स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य. कराडहून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवीची पाव तासाची वाट, त्या दिवशी सात तास लागले म्हणतात. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

सरकारचा हिशेब मात्र वेगळा चालला. खाशाबा पोलिसात लागले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला २००१ साली. गोळेश्वरच्या कुस्ती संकुलाची घोषणा इतकी रेंगाळली की २०१७ साली घरच्यांनी पदकच लिलावात काढायची भाषा केली. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन आहे. दिन साजरा करायला आपल्याला फारसा वेळ लागत नाही.

पुन्हा गाडी. शेणोली आलं. १९४३ साली प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इंग्रजांची पगाराची गाडी लुटली ती इथंच. त्या लुटीचे एक म्होरके जी. डी. बापू लाड कुंडलचे, आणि मला कुंडललाच जायचं होतं. किर्लोस्करवाडीला उतरून वडाप पकडली.

कुंडलचं कुस्त्यांचं मैदान या मुलखात नावाजलेलं. मी गेलो तेव्हा ते मोकळंच होतं. मैदान भरतं तेव्हा हलगी कडाडते, फेटेवाले पंच फिरतात, आणि लहान पोरांच्या शे-दोनशे रुपयांच्या जोड्या आधी सुटतात. लाखाच्या कुस्त्या दिवस कलल्यावर. जवळच्या तालमीत पोरं आखाडा खणत होती. मातीत ताक, तेल, हळद मुरवतात, ती कातडीला बरी म्हणून. शेजारच्या खोलीत मॅट अंथरलेली. “माती जत्रेला, मॅट नोकरीला,” वस्ताद म्हणाले. खुराकाचं विचारलं तर बदाम-तुपाचे भावच ऐकवले. दुष्काळ पडला की जत्रेची वर्गणी आटते, वर्गणी आटली की मैदान रद्द, आणि मग पैलवान खुराकाला महाग. उसाच्या बिलावर ही सगळी विद्या उभी आहे.

सांगलीत उतरलो तर खेळाचा विषय निघताच रिक्षावाल्यानं आधी क्रिकेटवाल्या स्मृती मानधनाचं नाव घेतलं, बरोबरच आहे. कवठेपिरान म्हटल्यावर मात्र त्यानं मागं वळून बघितलं. “मारुती मानेंचं गाव!” १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य, १९६४ ला हिंदकेसरी. त्यांच्या गावात संध्याकाळी तालमीत शिरलो तेव्हा दोन मुलीही लढत घेत होत्या. २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि ती जिंकली तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं. तुंग याच जिल्ह्यातलं. त्यामुळे पोरींना तालमीत कोण सोडतं, हा प्रश्न इथं मी गिळून टाकला.

खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते २०२४ साली पॅरिसला, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला, नेमबाजीत. मध्ये ७२ वर्षं गेली. कुस्तीतलं दुसरं महाराष्ट्रात अजून यायचंय.

जाणार असाल तर जत्रांच्या हंगामात जा. मैदानाला उन्हं उतरायच्या आत पोचा आणि पुढची जागा धरा. उशीर झाला तर कुस्ती दिसत नाही, नुसते फेटे दिसतात.