दमावंदाचा कैदी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारीट पायाखाली चिरडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि नरकासुर मेला असे मानून फराळाला बसतो. तरी पुढच्या वर्षी नवे कारीट आणावेच लागते! इराणी लोकांनी आपला राक्षस मारलाच नाही. तो त्यांनी एका डोंगरात कोंडून ठेवला.

तो डोंगर दमावंद. तेहरानच्या ईशान्येला, सुमारे 5,600 मीटर उंच. माथ्यावर बर्फ आणि पोटात निद्रिस्त ज्वालामुखी. माथ्याजवळून गंधकाची वाफ निघते. तो आतल्या कैद्याचा श्वास, असे जुने लोक म्हणत.

हा कैदी म्हणजे जोहाक राजा. फिर्दौसीने 1010 साली पुऱ्या केलेल्या ‘शाहनाम्या’त त्याची कथा आहे. सैतानाने खांद्यांचे चुंबन घेतले आणि तेथे दोन साप उगवले. त्यांना रोज दोन तरुणांचे मेंदू लागत. आपल्या बकासुराचा गाडा आठवावा, तसाच प्रकार! फरेदून नावाचा मुलगा आपला काळ ठरणार, असे स्वप्न राजाला पडले आणि कंसासारखा तो त्या पोराच्या शोधाला लागला. आईने पोर लपवले. एका गाईच्या दुधावर ते वाढले. अंधेरीच्या सालसेट कॉलनीतल्या पारशी शेजाऱ्यांना हे नाव परके नाही.

भ्यालेल्या राजाने मग एक कागद तयार करवला: ‘आमचा राजा न्यायी आहे.’ दरबारातल्या वडीलधाऱ्यांनी मुकाट्याने सह्या केल्या. इतक्यात कावे लोहार आला. त्याचे सतरा मुलगे सापांनी खाल्ले होते, अठराव्याची पाळी होती. राजाने मुलगा सोडला आणि सही मागितली. कावेने कागद टराटरा फाडला, बाहेर येऊन आपले चामडी पुढवण भाल्याला लावले आणि त्या निशाणामागे लोक फरेदूनाकडे निघाले.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले हटकून विचारतात, “सर, फरेदूनाने त्याला मारला का नाही?” सरोश या देवदूताने हात धरला, त्याची वेळ भरली नव्हती, हे पोथीतले उत्तर. जुन्या पहलवी ग्रंथांप्रमाणे युगान्ती तो सुटणार आहे. म्हणजे तोवर पहारा माणसांचा.

हा पहारा करायला डोंगरावर जावे लागत नाही. आमच्या इमारतीत एकदा रखवालदारावर चोरीचा आळ आला. ‘आमचा संशय त्याच्यावरच’ असा कागद दारोदार फिरला. बारा सह्या झाल्या. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, “मी काही पाहिले नाही. मग सही कशाची करू?” त्यांच्यापुढे कुणीच सही केली नाही. रखवालदाराची नोकरी राहिली.

फरेदूनाने जोहाकाला दमावंदाच्या गुहेत खिळे ठोकून जखडले, असे फिर्दौसी सांगतो. ते खिळे कुणी घडवले हे तो सांगत नाही. पण राजे काही खिळे घडवत नाहीत.