खेळाडूचा भाव आणि जनतेची तिजोरी

2009 साली, जागतिक मंदीत, स्पेनमध्ये सहापैकी एक कामगार बेकार होता. त्याच उन्हाळ्यात रिआल माद्रिद क्लबने रोनाल्डोला 8 कोटी पौंडांना विकत घेतले. गरीब घरातून आलेल्या त्या खेळाडूवर आमचा राग नाही. आमचा प्रश्न आहे, पैसा कुणाचा?

क्लबच्या खरेदीला कर्ज देणाऱ्यांत काहा माद्रिद ही बचत बँक होती. ती पुढे बँकियात विलीन झाली. बिल्डरांच्या थकीत कर्जांनी बँकिया बुडू लागली, तेव्हा 2012 मध्ये ती सरकारी पैशाने वाचवली गेली. गृहकर्ज थकलेली कुटुंबे मात्र रस्त्यावर आली.

मताला समान किंमत, माणसाला नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत याच विसंगतीचा इशारा दिला होता. मित्रांनो, सामना जरूर बघा, पण नफा कुणाचा आणि तोटा कुणाच्या माथी, हेही विचारा.