पाण्यावरची धावपट्टी कुठे संपते?

मध्य फ्लोरिडातल्या विंटर हेवन गावाभोवती तळीच तळी आहेत. त्यातली बरीचशी कालव्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. काठाला सायप्रसची झाडं आणि पाण्यात अ‍ॅलिगेटर. पाण्यावरून उडणारं विमान शिकायला मी इथे आले. जमिनीवरच्या विमानाचा परवाना हातात असला की अमेरिकेत यासाठी वेगळी लेखी परीक्षा नाही, किमान तासांची अट नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत पास झालं की झालं. कागदावर एवढं सुटसुटीत दिसणारं हे शिक्षण प्रत्यक्षात मला भंडावून सोडत होतं, कारण इथे ठरवायच्या गोष्टी संपतच नाहीत.

विमान म्हणजे जुनं पायपर कब, कापडी अंगाचं, एकामागे एक अशी दोन आसनं असलेलं. चाकांच्या जागी दोन लांबट पोकळ फ्लोट. उड्डाणाआधीचं पहिलं काम हातपंपाने त्या फ्लोटमधलं पाणी उपसण्याचं. आत आडव्या भिंती घालून प्रत्येक फ्लोटचे वेगवेगळे कप्पे केलेले असतात, म्हणजे एखाद्यात पाणी शिरलं तरी बाकीचे तरंगते राहावेत. भोकावरचा रबरी चेंडू काढायचा, पंपाची नळी आत घालायची आणि दांडा ओढायचा. बहुतेक कप्प्यांतून नुसती हवा फुसफुसली, एकातून मात्र पाणी येतच राहिलं.

"हे नेहमीइतकंच आहे का?" प्रशिक्षकांनी विचारलं.

नेहमीचं किती, हे मला कुठून ठाऊक असणार?

"मग विचारून ये. एक गॅलन पाणी म्हणजे आठ पौंडांहून जास्त वजन. ते आत राहिलं तर आपल्याबरोबर तेही उडवावं लागेल."

इंजिन सुरू करायचं तेही फ्लोटवर उभं राहून, मागच्या बाजूने हाताने पंखा फिरवून. इंजिनाने धरलं की विमान निघालंच. ब्रेक नाहीत. त्यामुळे दोर सोडण्याआधीच वारा कुठून आहे आणि कोणती बोट कुठे चालली आहे, हे पाहून ठेवावं लागतं. बोटींपासून लांब राहण्याची जबाबदारी विमानाची. मोटरबोट गेल्यावर मागे राहिलेल्या लाटा तर बोट दिसेनाशी झाली तरी तळ्यात फिरत असतात. उडण्याइतका वेग आलेला नसताना अशा लाटेने विमान वर फेकलं, तर ते तसंच खाली आदळतं. 2017 च्या डिसेंबरात गिरगाव चौपाटीसमोर अशा विमानाची चाचणी झाली होती, त्याची मला इथे फार आठवण आली. तळ्यातल्या एका बोटीच्या लाटा मला पुरेशा होत्या. उघड्या समुद्राचा अंदाज घेणाऱ्याची नजर किती तयार असेल!

टेकऑफ सांगायला सोपा आहे. पाण्यातली सुकाणं वर घ्यायची, स्टिक पोटाशी ओढायची, थ्रॉटल पूर्ण द्यायचा. नाक इतकं वर येतं की समोरचं काही दिसत नाही. फ्लोट पाणी रेटत असतात आणि पाण्याचा विरोध याच टप्प्यात सर्वांत जास्त असतो. नाक आणखी वर येऊन थबकलं की स्टिक हळूच पुढे सोडायची. मग विमान 'स्टेप'वर येतं. फ्लोटच्या तळाला साधारण मध्यावर एक पायरी काढलेली असते. तिच्या मागच्या भागाला पाणी लागेनासं होतं आणि चपटा दगड पाण्यावरून जावा तसं विमान वरच्या वर धावू लागतं. इथे नाकाचा कोन किंचित चुकला तर विमान पुढे-मागे उसळू लागतं आणि प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होत जाते. ती थांबत नसेल तर थ्रॉटल बंद करून स्टिक मागे ओढायची. अशा वेळी उडून जाऊन सुटका करून घ्यायचा मोह होतो, आणि तोच सर्वांत घातक.

एका सकाळी वारा अजिबात नव्हता. तळं आरशासारखं. मला वाटलं, याहून सोपं काय असेल? प्रशिक्षक म्हणाले, टेकऑफसाठी हेच पाणी वाईट. समोरून वारा नाही, म्हणून वेग जास्त लागतो. आणि लहान लहान लाटांमुळे फ्लोटखाली जी हवा शिरते ती न शिरल्याने पाणी तळाला धरून ठेवतं.

"तुझी धावपट्टी कुठे संपते?"

मी समोरचा काठ दाखवला.

"तिथे झाडं आहेत. त्यांच्यावरून जायला उंची कुठे घेणार? आणि थांबायची वेळ आली तर जागा कुठे ठेवलीस?"

मग उलटा हिशेब सुरू झाला. काठापासून मागे झाडांसाठी जागा सोडली, आणखी मागे थांबण्यासाठी. येता येता माझं बोट टेकलं डावीकडच्या हिरव्या छपराच्या धक्क्यावर. तो पंखाशी येईपर्यंत दोन्ही फ्लोट सुटले नाहीत, तर थ्रॉटल बंद, असं ठरलं.

स्टेपवर आलो, पण वेगाचा काटा पुढे सरकेना. स्टिक एका अंगाला देऊन मी उजवा फ्लोट उचलला. तो सुटला. डावा सुटल्यासारखा वाटे आणि पुन्हा टेके. आता सुटेल, आता सुटेल असं म्हणत असतानाच हिरवं छप्पर पंखाशी आलं. मी थ्रॉटल ओढला. विमान पाण्यात बसलं आणि आमचीच लाट मागून येऊन आम्हाला उचलून पुढे गेली.

विमानतळावर धावपट्टीचं टोक रंगवलेलं असतं, ते जागचं हलत नाही. इथलं टोक मी स्वतः ठरवलेलं आणि फक्त माझ्या डोक्यात होतं. इंजिन पूर्ण जोरात असताना ते "अजून थोडं पुढे" ढकलणं किती सोपं आहे, हे त्या क्षणी मला फार जवळून दिसलं. म्हणूनच ते टोक मनात ठेवायचं नाही, तोंडाने सांगून मग निघायचं, अशी प्रशिक्षकांची सक्त ताकीद होती. ताकीद अगदी योग्य आहे. सोबतीला कोणी नसलं तरी मी ते मोठ्याने बोलणार.

आम्ही काठाला थांबलो. तासाभराने झुळूक आली, पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या, आणि तेच विमान त्याच दोघांना घेऊन धक्क्याच्या बरंच अलीकडे सुटलं.

वर गेल्यावर प्रशिक्षकांनी झाडांनी वेढलेलं एक लहान गोल तळं दाखवलं. "उतरता येईल?"

उतरायला जागा टेकऑफपेक्षा कमी लागते, म्हणून उत्तर चटकन 'हो' असंच येतं. मी तळ्यावरून एक फेरी मारली. वारा कुठून आहे ते पाण्यावर पाहिलं, झाडांची उंची अंदाजली, थांबण्याची जागा सोडली आणि उरलेलं पाणी पाहिलं.

"उतरता येईल. पण दोघांना घेऊन निघता येणार नाही."

"मग?"

मी डावीकडे वळले आणि मोठ्या तळ्याकडे निघाले.